क्लच कुणी जाळला

मी अंबडच्या कोर्टात टंकलेखक आहे. साक्षीदार उभा राहून बोलतो, न्यायाधीश साहेब सांगतात, मी टाइप करतो. आयुष्यात एवढं दुसऱ्यांचं बोलणं बोटांखालून गेलं, की स्वतःचं बोलायची सवयच राहिली नाही. लोक म्हणतात, माणूस शांत आहे. बायको म्हणते, शांत नाही, घुम्या आहे.

उलटतपासात वकील एकेक गोष्ट साक्षीदाराच्या तोंडात घालून बघतात आणि साक्षीदार नाकारत जातो. कागदावर ते एका ठरलेल्या साच्यात उतरतं. 'हे म्हणणे खरे नाही की, मी त्या दिवशी घरीच होतो.' 'हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.' दिवसभरात हे वाक्य किती वेळा टाइप होतं ते सांगता येणार नाही. बोटं आपोआप चालतात. 'हे म्हणणे खरे आहे की' मात्र क्वचित येतं. ते आलं की साहेबसुद्धा मान वर करून साक्षीदाराकडे बघतात.

बायकोनं हा साचा माझ्याकडूनच उचलला आणि घरात माझ्यावरच वापरायला घेतला. "हे म्हणणं खरं नाही का, की डब्यातले लाडू दुपारी कमी झाले?" मी हसतो. हसणं हे माझं ठरलेलं उत्तर आहे. त्या हसण्यानंच मला गोत्यात आणलं, पण ते पुढं.

गाडी घ्यायचं तिनं ठरवलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिची आई आष्टीला एकटी राहते. अंबडहून आष्टीला जायचं म्हणजे एक एसटी, मग वाट बघणं, मग दुसरी एसटी, आणि चहा घेऊन टेकतो न टेकतो तोच परतीची गाडी. मी नेईन म्हणायचो, पण दर रविवारी मला काहीतरी निघायचं. शेवटी ती म्हणाली, "मला तुमच्या सवडीनं माहेरी जायचं नाही. गाडी घ्यायची आणि मी शिकायची." मी सह्या केल्या. रंगसुद्धा तिनंच निवडला, पिकल्या मोसंबीसारखा पिवळसर.

नवी गाडी म्हणजे तक्रार नसणार, अशी माझी भाबडी समजूत. पहिल्याच महिन्यात ड्रायव्हरकडची काच अर्ध्यावर अडकली. मग समोरचा स्क्रीन काळा पडायला लागला, तो मनात आलं की उजळायचा. जालन्याच्या सर्व्हिस सेंटरला खेटे सुरू झाले. तिथं टाय लावलेला एक पोरगेला ॲडव्हायझर होता. तो प्रत्येक गोष्टीला म्हणायचा, "होऊन जाईल मॅडम, पार्ट पुण्याहून यायचाय." मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचो आणि बायको बोलायची.

"काच काय पुण्याहून चालत येऊन राह्यली का हो? वॉरंटी म्हणजे उपकार नाही. आम्ही गाडी घेतली, अर्धी काच नाही घेतली."

लोक हसायचे, पोरगा वरमायचा, आणि पार्ट दुसऱ्या आठवड्यात यायचा. खरं सांगायचं तर मला ते दिवस आवडत होते. जाताना वाटेत चहा, येताना तिनं सगळं भांडण नकलेसकट परत सांगायचं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आम्हाला दोघांनी मिळून करायला एक काम मिळालं होतं.

आता माझ्या करणीकडं येतो.

आमचं गाव केदारखेड्याच्या बाजूला. थोरले भाऊ तिथं शेती करतात. गाडी आल्यापासून त्यांचा फोन चालूच होता. "वाहन म्हसोबाला न्हाई दाखवलं का अजून? मोटरसायकल दाखवली, ट्रॅक्टर दाखवला, आन् ही तेवढी शोरूमच्या पुजेवर भागवून राह्यला का?" आमच्या वावराच्या बांधावर शेंदूर लावलेला एक दगड आहे, तोच म्हसोबा. घरात काहीही चाकाचं आलं की त्याच्यापुढं नेऊन नारळ फोडायचा, ही आमच्याकडची रीत. बायकोची नारळाला हरकत नव्हती, वाटेला होती, म्हणजे वावरांमधून जाणाऱ्या पांदीला. "दगडापर्यंत पायी जा आणि फोडा. गाडी पांदीत घालू नका. पावसाळ्याची काळी माती आहे ती, बैल फसतात तिथं."

पोळ्याच्या आधी ती ट्रेनिंगला जालन्यात मुक्कामाला होती. मी एकटाच गावी गेलो. भाऊ शेजारी बसले, नारळ त्यांच्या मांडीवर. पांदीच्या तोंडाशी मी गाडी थांबवली, तर म्हणाले, "म्हसोबाला वाहन दाखवायचं का वाहनाचा फोटो?" वर ऊन होतं, माती वरून कोरडी दिसत होती. मी घातली.

निम्म्या वाटेत चाकं बसली. वरची साय कोरडी, खाली लोणी. मी रेस देत गेलो. क्लच अर्धा दाबलेला, रेस पूर्ण. गाडी जागच्या जागी ओरडायची आणि चिखल मागं उडायचा. भाऊ खाली उतरून सांगत होते, "दाब, दाब, निघून राह्यली!" ती निघत नव्हती. मग तो वास आला, केस जळाल्यासारखा. मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी आणखी एकदा दाबलं.

शेवटी ट्रॅक्टर आला. ओढायचा हूक शोधायला मी डिक्कीचा तळ उचलला, स्टेपनीच्या खोबणीतली हत्यारं उपसली. दोर बांधला, गाडी निघाली, हत्यारं परत टाकली. म्हसोबापर्यंत काही पोचलोच नाही. भाऊ म्हणाले, "दाखवली समज. लांबून का होईना, बघितलंच असंल त्यानं." जालन्याला येऊन मी वॉशिंगला गाडी लावली, खालून-वरून धुतली, आणि बायकोला घ्यायला गेलो. ती बसली आणि म्हणाली, "अरे वा, माझ्यासाठी धुतली वाटतं?"

मी हसलो.

बाहेर पडून पहिला गतिरोधक आला, तशी ती म्हणाली, "मागं काहीतरी गुडगुडलं." मलाही आलं होतं ऐकू. वाटलं, दोर लावून ओढताना खालचं काही तुटलं. म्हणालो, "मला तर नाही आलं."

तो आवाज मग मुक्कामालाच आला. सपाट रस्त्यावर गप्प, मोठा खड्डा किंवा गतिरोधक आला की गुडगुड. सर्व्हिस सेंटरात त्यांनी गाडी फिरवून आणली आणि सांगितलं, काही नाही. बायकोनं त्या पोराला शेजारी बसवून मला स्टेशन रोडच्या खड्ड्यांतून गाडी न्यायला लावली. "आला का? आता आला का?" पोरगा म्हणाला, "आला मॅडम." मग मागचे दोन्ही शॉकअप वॉरंटीत बदलले. नवे घातल्यावरही आवाज तसाच. पोरानं मला विचारलं, "साहेब, गाडी कुठं आपटली वगैरे न्हाई ना?" मी म्हणालो, "आठवत नाही." पिंजऱ्यातले साक्षीदार म्हणतात अगदी तसंच.

दिवाळीनंतर ती शिकायला लागली. सकाळी मत्स्योदरी देवीच्या टेकडीखालच्या रस्त्यावर मी शेजारी बसायचो. ती चांगली चालवायची. सावध, पण घाबरट नाही. मीच घाबरायचो आणि माझ्या बाजूला नसलेला ब्रेक पायानं दाबायचो. "पाय काढा," ती म्हणायची, "तुमच्या पायानं गाडी थांबत नाही, मीच थांबते."

थंडी पडली तशी गाडी चढावर दम खायला लागली. रेस वाढायची, वेग वाढायचा नाही. मग एका सकाळी चढावर तोच वास आला, जळक्या केसांचा. तिनं घाबरून पाय काढला, गाडी बंद पडली. माझ्याकडं बघून म्हणाली, "माझं काय चुकलं हो?"

तिथं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "होतं असं शिकताना."

सर्व्हिस सेंटरला क्लच खोलला. प्लेट काळी पडलेली, निळसर डाग, पार गुळगुळीत. बायको भांडायच्या तयारीनं आली होती. नव्या गाडीचा क्लच एवढ्यात जातो म्हणजे बनावटीतच दोष, वॉरंटीत बदलून द्या. पोरानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडं उत्तर होतं.

"मॅडम, गाडी कोण चालवतं?"

"मी शिकतेय."

"मंग झालं की. ही प्लेट जळेल आहे. हाफ क्लच. यात कंपनीचा काय दोष? हे वॉरंटीत बसत न्हाई."

ती एकदम गप्प झाली. तिला मी कुठल्याच काउंटरवर असं गप्प झालेलं पाहिलं नव्हतं. क्लच आम्ही पदरच्या खर्चानं बदलला. गाडी घ्यायला गेलो तेव्हा पोरानं किल्ली तिच्या पुढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "साहेब, आता मॅडमला गाडी शिकवायची तर जुनी घ्या एखादी. नवीनचा जीव जातो."

आणि मी हसलो. सवयीनं हसलो, असं म्हणून सुटता येणार नाही. सुटल्याच्या आनंदात हसलो.

त्या दिवसानंतर तिनं गाडीला हात लावला नाही. लर्निंग लायसन कपाटात गेलं. रविवारी पिशवी घेऊन ती परत एसटी स्टँडवर. मी म्हणायचो, चल, मी सोडतो आष्टीला. ती म्हणायची, "राहू द्या, तुमचा रविवार जातो." यात राग नव्हता. राग असता तर बरं होतं. ती मला खरोखर मोकळं करत होती. मी तिला स्टँडवर सोडून परत यायचो, आणि तिनं निवडलेल्या रंगाची गाडी दिवसभर दारात उभी असायची. गतिरोधकावर आवाज यायचा तो आता जरा बदलला होता. गुडगुड होतीच, पण आत आणखी काही खुळखुळल्यासारखं. ती आता त्याची तक्रारसुद्धा करत नव्हती.

होळीच्या आसपास पुढची फ्री सर्व्हिसिंग आली. काउंटरवर बोलायला ती लागतेच, म्हणून मी तिला बरोबर घेऊन गेलो. पोरगा तोच. चहा आला.

"मॅडम, क्लच आता बराबर आहे ना? कोण चालवतं?"

"हेच. माझा हात लागत नाही आता गाडीला."

"बेस्ट केलं मॅडम. टेन्शन न्हाई," म्हणत त्यानं माझ्याकडं पाहिलं. मागच्या वेळी मी हसलो होतो ना, म्हणून पाहिलं.

मी म्हणालो, "क्लच मी जाळला."

"काय साहेब?"

"क्लच. पोळ्याच्या टायमाला वावरात गाडी फसली होती. मी हाफ क्लचवर दाबत राह्यलो. वास सुटला तरी दाबला. मॅडमनी नाही जाळला. त्यांच्या हातात आला तेव्हा तो अर्धा मेलेलाच होता."

माझा आवाज बहुतेक मोठा झाला असावा. बाकीच्या खुर्च्यांवरचे लोक वळून बघायला लागले. पोरगा गोंधळला. "पण साहेब, ते काम तर कवाच क्लोज झालं. आता सांगून काय उपयोग?"

"उपयोग नाही. लिहा म्हणत नाही मी. ऐका म्हणतो."

बायकोनं कप खाली ठेवला आणि ती उठून बाहेर गेली. गाडी धूत होते तिथं, पाण्याचे शिंतोडे येतात इतक्या जवळ जाऊन उभी राहिली.

परत येताना जालना मागं पडलं तरी ती बोलली नाही. मीही नाही, माझं एका दिवसाचं बोलणं संपलं होतं. मग समोर बघतच तिनं सुरू केलं.

"हे म्हणणं खरं आहे का, की मी नको म्हणाले होते तरी गाडी पांदीत घातली?"

"खरं आहे."

"पूर्ण बोला. कागदावर येतं तसं."

"हे म्हणणे खरे आहे की, तू नको म्हणाली होतीस तरी मी गाडी पांदीत घातली."

"हे म्हणणं खरं आहे का, की गाडी माझ्यासाठी धुतली नव्हती?"

"हे म्हणणे खरे आहे की, गाडी तुझ्यासाठी धुतली नव्हती."

"मागचा आवाज तुम्हाला पण येत होता?"

"हे म्हणणे खरे आहे की, येत होता."

तिनं काच खाली केली, परत वर घेतली.

"हे म्हणणं खरं आहे का, की तो पोरगा किल्ली देताना बोलला, तेव्हा तुम्ही हसलात?"

म्हणजे तिनं पाहिलं होतं. इतके महिने तिला ते माहीत होतं.

"हे म्हणणे खरे आहे की, मी हसलो."

"तेच लागलं होतं मला," ती म्हणाली. "क्लच गेला चुलीत. क्लच काय, माझ्या हातूनही गेला असता. पण तो सगळ्यांदेखत बोलला आणि माझा माणूस हसला. मंग वाटलं, खरंच आपल्याला यायचं नाही हे."

माफी वगैरे शब्द टाइप केलेत पुष्कळ, तोंडातून येत नाहीत. तिनं बहुतेक ओळखलं. रस्त्याच्या कडेला मोसंबीचा गाडा दिसला, तशी म्हणाली, "घ्या बाजूला." उतरून तिनं घासाघीस करून मोसंबी घेतली, मागच्या सीटवर ठेवली आणि माझ्या दाराशी आली.

"उतरा. मागं बसा, मोसंबीजवळ. पुढं बसलात की पाय दाबता."

मागून एका टेम्पोनं हॉर्न मारमारून जीव खाल्ला, पण अंबडपर्यंत तिनंच आणली.

पुढच्या रविवारी ती मला आष्टीला घेऊन गेली. हो, तीच मला घेऊन गेली. सासूबाई दारात उभ्या होत्या. मागचं दार उघडून मी उतरलो, तशा म्हणाल्या, "अगं बाई, जावईबापू मागं! साहेब झाले जनू. डायवर चांगली ठेवली हां, पगार बराबर देत जा."

जेवताना बायकोनं आईला सगळं सांगितलं. पांद, ट्रॅक्टर, वास, हसणं, काहीच सोडलं नाही. मी खाली बघून भाकरी मोडत होतो. सासूबाई मध्ये मध्ये "आता गं!" म्हणत होत्या. सगळं ऐकून त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"ते समदं जाऊ द्या. नारळाचं काय केलं?"

"कुठला नारळ?"

"म्हसोबाला नेल्ता तो. फोडला का न्हाई?"

माझा घास हातातच राहिला. भाऊंनी उतरताना नारळ मांडीवरून माझ्याकडं दिला होता. चिखलात कुठं ठेवायचा म्हणून मी तो पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून हत्यारांशेजारी, स्टेपनीच्या खोबणीत ठेवला होता. आणि वर डिक्कीचा तळ बसवला होता.

बायको माझ्याकडं बघत होती. तिलाही त्याच वेळी कळलं. आम्ही दोघं उष्ट्या हातांनी बाहेर पळालो. तळ उचलला. जॅकच्या बाजूला, पोत्याच्या गुंडाळीत, तो होता. तिनं उचलून हलवला. खुळखुळ.

"अहो," ती म्हणाली, "कंपनीचे दोन शॉकअप!" आणि ती तिथंच, गाडीला टेकून हसायला लागली. इतकी हसली की शेजारची बाई ओट्यावर आली. मीही हसलो. ह्या हसण्याबद्दल मला काही सांगायचं नाही, ते बरोबर होतं.

सासूबाईंनी नारळ कानाशी नेऊन हलवला. "पानी आटलं याचं. आत गोटा झालाय." त्यांनी तो दारातल्या दगडावर आपटला. करवंटी फुटली आणि आतून खोबरं अखंड निघालं, चेंडूसारखं. आमच्याकडं नारळाचा असा गोटा निघाला की शकुन चांगला मानतात. त्या म्हणाल्या, "घ्या. म्हसोबानं सोत्ताहून पावती धाडली." एक तुकडा त्यांनी गाडीच्या बॉनेटवर ठेवला, एक लेकीच्या हातात, एक माझ्या.

सर्व्हिस सेंटर रविवारीही चालू असतं. बायको म्हणाली, "लावा फोन. तुम्ही बोला." मी लावला. त्या पोराला सांगितलं, की मागच्या शॉकअपमध्ये कधीच काही दोष नव्हता, डिक्कीत नारळ होता, आणि त्यांनी वॉरंटीत जे बदललं ते आमच्यामुळं बदललं. द्यायचं असेल ते मी द्यायला तयार आहे.

मग तो म्हणाला, "साहेब, पाया पडतो. आता परत काही कबूल करू नका. तुला डिक्कीतला नारळ सापडला न्हाई का म्हणून वर्कशॉपमधले लोक मला जगू देणार न्हाईत." आणि आवाज खाली आणून, "मॅडम चालवतात का आता?"

"चालवतात. आष्टीला आलोय. त्यांनीच आणली."

"मॅडमला सॉरी सांगा माझं."

"तू सांग," मी म्हणालो आणि फोन तिच्याकडं दिला. ती काय बोलली ते मी ऐकलं नाही. मी भांडी उचलायला आत गेलो होतो. पण बाहेर आलो तेव्हा ती त्याला हाफ क्लचवर काहीतरी लांबलचक समजावून सांगत होती.

ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. मी मागं, खोबऱ्याचा तुकडा चघळत. गावाबाहेरचा मोठा गतिरोधक आला. तिनं गाडी हळू केली, पुढची चाकं चढली, उतरली, मग मागची. दोघांनी कान दिले होते. काहीसुद्धा वाजलं नाही.

"पाय काढा," ती आरशात बघून म्हणाली.

मी बघितलं तर खरंच, मागच्या सीटवर बसूनही माझा पाय दाबलेला होता. काढला.